शनिवारचं ताट

गुडघ्यांखाली पोतं घेऊन थर्झा हॅलिवेल दाराची पायरी घासत होती आणि तिचा जावई ती तुडवत होता. चिंध्यांच्या बदल्यात भंगारवाल्याकडून घेतलेला पांढरा दगड ओल्या पायरीवर फिरवावा, कडेनं सरळ रेघ ओढावी, आणि ती वाळायच्या आत एनॉकचा काळा बूट तिथं उमटावा, असं सकाळपासून चाललं होतं. आत यायचा, स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायचा, घड्याळाकडे बघायचा आणि मैदान बघून येतो म्हणून पुन्हा बाहेर. मैदान काय पळून जाणार होतं? डोक्यावरची गोल टोपी त्यानं एकदाही काढली नव्हती. घरात शिरल्यावर टोपी काढतात. पायरी ओली असेल तर लांब टांग टाकतात. खुर्ची पुढे केली तर बसतात. या माणसाला वागायची रीत कुणी शिकवली नाही, असंही म्हणायची सोय नव्हती. शिकवली होती ती थर्झानंच.

समोरच्या दारातली शेजारीण आपली पायरी घासता घासता सगळं बघत होती, म्हणून थर्झा काही बोलली नाही. तिनं दगड बादलीत टाकला, चौकटीला धरून उठली आणि जावयाच्या मागोमाग आत जाऊन दार लावून घेतलं.

काल संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानाच्या फाटकावर अकरा नावांचा कागद लागायला हवा होता. ब्रॅकनशॉत दर शुक्रवारी तो लागतो. गिरणीतून सुटलेली माणसं त्याच वाटेनं घरी जातात, कागद वाचतात, नावं ठेवतात आणि पुढे होतात. काल कागद लागला नाही. मैदान गोठलंय, उद्या सकाळी बघून ठरवतो, असं एनॉकनं जमलेल्या लोकांना सांगितलं. कपचा सामना, समोर वरच्या विभागातला संघ, तेव्हा संघाचा मॅनेजर म्हणून एनॉक विचार करून पावलं टाकतोय असं लोकांना वाटलं. थर्झाला तसं वाटलं नाही. मैदान गोठलं तर त्यावर पेंढा पसरतात. त्यासाठी माणसं बदलत नाहीत.

तिला त्या कागदाशी फारसं घेणंदेणं नव्हतं. अक्षरं तिला जेमतेम लागत. तिचा प्रश्न ताटाचा होता.

क्लबाचे खेळाडू तिच्याकडे राहायला येऊ लागले तेव्हा तिचा नवरा जिवंत होता. तेव्हापासून शनिवारची रीत एकच. दुपारी बाराला गिरण्यांचे भोंगे होतात, माणसं सुटतात आणि तशीच मैदानाकडे वळतात. त्याआधी खेळाडूंची जेवणं उरकलेली असायला हवीत. जो खेळणार त्याला उकडलेला मासा आणि भाजलेला पाव, म्हणजे पोट हलकं राहतं. जो खेळणार नाही त्याला हंडी. तळाला मटण, मध्ये कांदा, वर बटाट्याच्या चकत्या रचलेल्या, आणि पहाटेपासून मंद आचेवर भट्टीत ठेवलेली. वरच्या चकत्या कडेला तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या की हंडी झाली. सोबत लाल कोबीचं लोणचं. तिच्यासारखी हंडी गल्लीत कुणाला जमत नसे, आणि शनिवारी ज्याच्या वाट्याला ती येई त्याच्या घशाखाली ती उतरत नसे. कुणाला काय वाढायचं, हे क्लबाचा माणूस शुक्रवारी मागच्या दारानं येऊन तिला सांगून जाई. खेळाडूला कुणी सांगत नसे. ताट समोर आलं की त्याला कळे.

आज साडेअकरा वाजत आले होते आणि थर्झाला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"बस," ती म्हणाली.

"बसतो," एनॉक म्हणाला, आणि खिडकीपाशी गेला.

तो या घरात पहिल्यांदा आला तेव्हा सतरा वर्षांचा होता, खाणीच्या गावाकडून, सुतळीनं बांधलेली पत्र्याची ट्रंक घेऊन. स्टेशनपासून पळत आला होता. कुणी बोलावलं नव्हतं पळत. उशीर झाला तर जागा जाईल असं त्याला वाटलं होतं. पुढे उजव्या कडेला खेळायला लागला तेव्हाही तसंच. चेंडू यायच्या आधी हा निघालेला असायचा, आणि बिचाऱ्या चेंडूलाच मागून धावत यावं लागायचं. लोकांना ते फार आवडे. चॅपेलातले म्हातारे, जे एरवी हसणंसुद्धा पाप समजत, तेही त्याचं नाव निघालं की गालात हसत. एकदा इंग्लंडच्या निवड सामन्याला बोलावणं आलं. थर्झानं त्याच्या कॉलरला स्वतः इस्त्री केली. तो गेला, आणि त्या दिवशी असं धुकं पडलं की सामनाच झाला नाही. पुढच्या वेळी बोलावणं दुसऱ्याला गेलं. तो त्याबद्दल कधी बोलला नाही, पण धुकं पडलं की अजूनही खिडकीपाशी जाऊन उभा राही.

थर्झाचा मुलगा लूथर तेव्हा तेरा वर्षांचा होता. दोघं एका खोलीत झोपत. लूथरला खेळायला यानंच शिकवलं, मागच्या गल्लीत, चिंध्यांच्या चेंडूनं. मग लूथरही त्याच संघात गेला, मधल्या फळीत, चेंडू कुठून येतो ते शांतपणे बघत उभा राहणारा. एक कधी थांबला नाही आणि एक कधी धावला नाही, तरी दोघांचं जमलं. पुढे एनॉकनं थर्झाच्या मुलीशी, एडिथशी लग्न केलं, पण त्याच्या तोंडचं 'मावशी' काही गेलं नाही. लढाईवर दोघे एकाच पलटणीत गेले. लूथर एका कानानं बहिरा होऊन परतला, एनॉक दुखावलेला गुडघा घेऊन.

लढाईनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, एका शनिवारी, थर्झानं त्याच्यापुढे हंडी वाढली होती. आदल्या दिवशी क्लबाचा माणूस सांगून गेला होता. लूथर समोर बसून मासा खात होता; त्यानं मान वर केली नाही. एनॉकनं ताटाकडे पाहिलं, खुर्ची मागे सारली, टोपी घातली आणि उठून गेला. एक घाससुद्धा घेतला नाही. त्या आठवड्यात त्यानं गाव सोडलं.

मग समुद्राकाठचा एक क्लब, अर्धा हंगाम. मग कुंभारांच्या एका गावात मॅनेजर. तिथला बुडीत संघ त्यानं वर काढला, आणि लोक खांद्यावर घ्यायला लागले तसा सोडून निघाला. मग सबंध वर्ष हॉलंडात, जिथं लोक सायकलींवरून सामन्याला येतात आणि कोमट पाण्याला चहा म्हणतात. कुणी हाकलायची वेळ त्यानं कधी येऊ दिली नाही. हाकलण्याचा नुसता वास आला, कधी कधी तर न येताच, की हा ट्रंक आवळायला घ्यायचा. दोन हंगामांपूर्वी ब्रॅकनशॉला परत आला तो अट घालून: संघ मी निवडणार, डायरेक्टरांनी त्यात हात घालायचा नाही. पेपरात आलं होतं ते. शेजारणीनं मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. पण एडिथनं चिनी मातीच्या भांड्यांचं खोकं अजून सोडलं नव्हतं. आई, काढून लावायची आणि परत गवतात गुंडाळायची, त्यापेक्षा राहू देत, म्हणाली.

"मासा किती आणलाय?" एनॉकनं खिडकीकडे तोंड करूनच विचारलं.

"दोन तुकडे. नेहमीसारखे. एक लूथरचा, एक तुझा."

खेळणं सोडून एवढा काळ गेला, तरी शनिवारी त्याला मासाच लागे. सामन्याआधी सासरी येऊन जेवायची त्याची सवय होती, आणि हंडीचं नाव काढलं की पोट जड होतं म्हणायचा. जड पोटानं बाकावर बसता येत नाही, असं कुठं लिहिलं होतं कोण जाणे.

त्यानं पडदा बाजूला सारला, परत ओढला.

"आज एक तुकडा सिरिलला द्या."

सिरिल हा वरच्या खोलीतला भाडेकरू, बाविशीचा, गेल्या उन्हाळ्यात क्लबानं आणलेला. आतापर्यंत प्रत्येक शनिवारी हंडीच खात आला होता, आणि तीही मिटक्या मारत, त्यामुळे थर्झाचं त्याच्याबद्दलचं मत बरं होतं. तो लूथरच्याच जागेवर खेळतो, हे तिला माहीत होतं. सकाळपासून तिच्या डोक्यावर त्याची पावलं वाजत होती, खिडकीपासून दारापर्यंत आणि परत. घरात सगळ्यांनाच चालायची हौस आली होती.

थर्झानं भट्टीचं दार उघडलं, हंडी बघितली, दार लावलं. बघायची गरज नव्हती.

तिला आश्चर्य वाटलं नाही. गेल्या शरदापासून लूथर जिना कसा उतरतो ते ती खालून ऐकत होती. एका पायरीवर दोन्ही पाय, मग दुसरी पायरी. कुणी समोर असलं की तो नीट उतरायचा. स्वयंपाकघरात कुणी नाही असं वाटलं की तसा. तिनं त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं, आणि या घरात खोटं बोलणाऱ्याला ती वाढत नसे.

"लूथरला सांगितलंस?"

"कुठं आहे तो?"

"न्हाव्याकडे. कपच्या सामन्याला दाढी करून जातो, तुला माहीत आहे. सांगितलंस का?"

एनॉकनं खिशातलं घड्याळ काढलं, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि परत ठेवलं.

"तुम्ही वाढाल ना," तो म्हणाला. "कळेल त्याला."

थर्झा त्याच्याकडे बघत राहिली. तिची उंची त्याच्या खांद्यापर्यंत होती, पण तिच्यासमोर उभे राहिलेले सहा फुटी गोलकीपरही आपण खाली बघतोय हे विसरत.

"आपणच अट घालायची की निवडणार मी," ती म्हणाली, "आणि सांगायला सासूला पुढं करायचं."

"पुढं करत नाही, मावशी. रीतच आहे ती. मलाही तसंच कळलं होतं."

"हो. आणि माझी हंडी टाकून गेलास."

एनॉकनं मेजावरचं मीठ उचललं आणि दुसरीकडे ठेवलं.

"तो माझ्या भावासारखा आहे," तो शेवटी म्हणाला. "मी त्याला काय सांगू? त्यांचा तो सेंटर फॉरवर्ड वाऱ्यासारखा आहे. लूथरला त्याच्यापुढे उभं केलं तर सबंध गाव बघेल. वीस हजार माणसं बघतील, आणि हसतील. ते बघवणार नाही मला. पण तोंडानं..."

"तुझ्या भावासारखा आहे, आणि माझा कोण आहे? वाटेवर सापडला होता?"

"तसं नाही, मावशी."

"मग कसं?"

मग तो भराभर बोलायला लागला, जसा तो अडचणीत सापडला की नेहमी बोले. समुद्राकाठच्या एका क्लबाकडून विचारणा आली होती, अजून कुणाला सांगितलं नव्हतं, एडिथलासुद्धा नाही. चांगला क्लब. शांत लोक. आजचा सामना झाला की, काहीही निकाल लागो, तो डायरेक्टरांशी बोलणार होता. हवा बदलली की एडिथचा खोकलाही बरा होईल. थर्झानं हे सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता मासा उकळायला ठेवला आणि पावाच्या चकत्या कापल्या.

"तिथल्या घरांना पायऱ्या नसतील बहुतेक," ती म्हणाली. "तुला बरं पडेल."

मग तिनं मेजावर चार ताटं मांडली. रिकामी. काटे, सुऱ्या, लोणच्याची बरणी. आणि स्वतः खुर्ची ओढून बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. शनिवारी त्या वेळेला तिला बसलेलं घरात कुणी पाहिलं नव्हतं.

"हे काय?" एनॉकनं विचारलं.

"चांगली बातमी ताटानं सांगितली तर चालते," ती म्हणाली. "वाईट बातमीला तोंड लागतं. तू बोलेपर्यंत मी वाढणार नाही."

"उशीर होईल. सिरिलला खाऊन निदान—"

"होऊ दे. उपाशी खेळेल. तुझा सामना आहे, माझा नाही."

बाहेर फरसबंदीवर पावलं वाजली. दार उघडलं. लूथर हॅलिवेल आत आला तो पांढऱ्या पायरीवरून लांब टांग टाकून, आणि तसं करताना त्यानं चौकट धरली. थर्झानं ते पाहिलं, एनॉकनंही पाहिलं, आणि दोघांनी दुसरीकडे बघितलं. लूथरनं टोपी काढून खुंटीला लावली. हनुवटीवर वस्तरा लागला होता, तिथं कागदाचा कपटा चिकटवलेला होता. तो आपल्या खुर्चीवर बसला, बहिरा कान भिंतीकडे करून, म्हणजे बोलणारी माणसं चांगल्या कानाच्या बाजूला येत. रिकाम्या ताटाकडे त्यानं पाहिलं, मग आईकडे.

"आज उपास आहे काय?"

"मॅनेजरसाहेबांना विचार," थर्झा म्हणाली. "वाढणं त्यांच्याकडे अडलंय."

"साहेब अजून उभेच आहेत," लूथर म्हणाला. "टोपीखाली केस उरलेत का नाही, बघितलं पाहिजे एकदा."

एनॉक हसला, आणि हसणं संपायच्या आत बोलायला लागला. मैदानाबद्दल बोलला. उत्तरेकडच्या कडेला दंव हटत नव्हतं, पहाटे माणसं लावून पेंढा पसरला होता, कोळशाच्या शेगड्या ठेवल्या होत्या. चेंडू जड होईल. त्यांच्या गोलकीपरला उंच चेंडू झेपत नाहीत असं ऐकलं होतं. बोलता बोलता तो मेजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता, आणि वर सिरिल खिडकीपासून दारापर्यंत. लूथर ऐकत होता. मध्येच त्यानं काटा उचलला, ताटाच्या बरोबर कडेला सरळ लावला.

त्यांच्या सेंटर फॉरवर्डचं नाव आलं आणि एनॉक मान खाली घालून थांबला. भट्टीत काहीतरी चुरचुरलं. वरची पावलंही त्याच वेळी थांबली, जणू जमिनीला कान लावून उभी होती.

"मान वर कर, एनॉक," लूथर म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "मी त्या दिवशी केली नव्हती. वाईट दिसतं ते."

एनॉकनं खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"लूथर, आज तू नाहीस."

थर्झाचे हात मांडीवर होते तसेच राहिले. फक्त अंगठा ॲप्रनची शिवण चाचपत होता.

"सिरिल?" लूथरनं विचारलं.

"सिरिल. आणि मी निवडलंय त्याला. डायरेक्टरांनी नाही. मी."

"ते आलं लक्षात."

"पुढच्या शनिवारी कदाचित—"

"ते नको," लूथर म्हणाला.

हनुवटीवरचा कपटा काढून त्यानं तो बघितला, रक्त थांबलं होतं, आणि कपटा घडी करून खिशात टाकला. खेळायला लागल्यापासून त्याचं आणि गावाचं जे काही नातं होतं ते त्या एका वाक्यात मिटलं होतं. उद्यापासून रस्त्यात माणसं भेटतील तेव्हा पायांची चौकशी करतील. थर्झाला हे ठाऊक होतं. तिला उठून काहीतरी करावंसं वाटत होतं, पातेलं सरकवावं, निखारे हलवावेत. ती उठली नाही. मुलाच्या तोंडाकडे बघत राहिली, कारण आज कुणीतरी बघायला हवं होतं.

लूथर उठला. जिन्यापाशी गेला, कठडा धरला आणि वर तोंड करून हाक मारली.

"सिरिल, खाली ये. मासा गार होतोय."

मग दोन-दोन पायऱ्या एकदम घेत कुणीतरी धडधडत उतरलं, आणि शेवटच्या पायरीवर, लूथरचं तोंड दिसल्यावर, एकदम हळू झालं. सिरिलचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. तो काहीतरी म्हणणार होता. लूथरनं त्याला खांद्याला धरून मेजाकडे ढकललं.

"जेव आधी. माफी मागायची असली तर हरल्यावर माग."

आता थर्झा उठली. मासा निथळून सिरिलच्या ताटात ठेवला, भाजलेला पाव शेजारी. मग भट्टीतून हंडी काढली, दोन्ही हातांत फडकं धरून मेजाच्या मधोमध ठेवली आणि लूथरला वाढलं. कडेच्या कुरकुरीत चकत्या ती एरवी कुणाला देत नसे. त्या सगळ्या खरवडून त्याच्या ताटात घातल्या. लूथरनं पहिला घास घेतला. तो तोंडात बराच वेळ राहिला. मग उतरला. दुसरा लवकर उतरला.

"लोणचं दे," तो म्हणाला. थर्झानं बरणी त्याच्याकडे सरकवली.

खाता खाता तो सिरिलकडे न बघता बोलत होता. त्यांचा तो वाऱ्यासारखा माणूस डावा खांदा पाडतो, पण जातो उजवीकडे. खांद्याकडे बघायचं नाही, त्याच्या कमरेकडे बघायचं. आणि पळायचं नाही. पळणारे पुष्कळ असतात. सिरिल मान डोलावत होता आणि माशाचे काटे काढायचे विसरून खात होता.

एनॉक अजून उभाच होता. त्यानं घड्याळ काढलं, परत ठेवलं. निघायला हवं, म्हणाला. फाटकावर कागद लावायचाय, शेगड्या हलवायच्यात, पंच आले असतील.

"तो दुसरा तुकडा पावात घालून द्या, मावशी. जाता जाता खातो."

थर्झानं पातेल्यातला दुसरा तुकडा काढला. बशीत ठेवला. बोटांनी काटे वेचले, एकेक करून, सावकाश. मग वाकून बशी भट्टीजवळ फरशीवर ठेवली. मांजर उठलं, तिच्याकडे संशयानं बघितलं आणि खायला लागलं.

सिरिलचा घास हवेतच राहिला. त्या घरात मांजराला माशाचं डोकंसुद्धा मुश्किलीनं मिळे.

थर्झानं चौथं ताट घेतलं. मटण, कांदा, बटाटे, वर रस्सा, ताट काठोकाठ भरलं आणि भिंतीकडच्या खुर्चीसमोर ठेवलं. सतरा वर्षांचा मुलगा ट्रंक घेऊन पळत आला होता तेव्हा तिनं त्याला याच खुर्चीवर बसवलं होतं. ताटातून वाफ येत होती.

एनॉक त्या ताटाकडे बघत राहिला. दाराच्या दिशेनं त्याचं एक पाऊल पडलं होतं, ते तिथंच राहिलं.

"मावशी, मला हंडी चालत नाही, तुम्हाला माहीत आहे. सामन्याच्या दिवशी..."

लूथरनं पायानं ती खुर्ची मेजाखालून बाहेर ढकलली. वर बघितलं नाही; जेवत होता. बाहेर पहिल्या गिरणीचा भोंगा झाला, मग दुसरीचा, मग सगळ्यांचा एकदम, आणि गल्लीत लाकडी तळव्यांच्या बुटांचा खडखडाट सुरू झाला, मैदानाच्या दिशेनं.

आवाज जरा कमी होईपर्यंत थर्झा थांबली.

"त्याला तू तोंडानं सांगितलंस, बरं केलंस," ती म्हणाली. "तुला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते. तूही आज खेळत नाहीयेस, एनॉक. टोपी काढ आणि बसून जेव."